मोतियावर जांभळा काठ

माझे सासरे, मी त्यांना मामंजी म्हणायची, रंगाला कधी नुसतं लाल किंवा पिवळं म्हणाले नाहीत. डाळिंबी म्हणायचे, कुसुंबी म्हणायचे, विटकरी, अबोली, गुलबक्षी म्हणायचे. माझ्या हातनं भाजी करपली तरी "आज वांगं आमसुली झालंय" एवढंच बोलून मुकाट जेवायचे. त्यांचं सगळं आयुष्य गुलमंडीवरच्या एका कापडाच्या दुकानात गेलं. निजामाच्या राज्यात पोरसवदा असताना लागले. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, दुकानाच्या पाटीवरची उर्दू जाऊन मराठी आली, मालकाच्या जागी मालकाचा मुलगा बसला. पण लुगड्यांच्या गादीवर मामंजी होते तिथंच होते. लग्नाची सगळी लुगडी एकदम घ्यायची त्याला बस्ता म्हणतात. तो बस्ता घ्यायला लोक पार गंगापूर-वैजापूरकडनं यायचे आणि दुकानात शिरता शिरता विचारायचे, "ते रंगवाले मामा हायेत का?"

कुठल्या अंगावर कुठला काठ खुलतो, हे त्यांना विचारावं. दुकानातल्या दिव्याखाली ते कुणाला लुगडं पसंत करू द्यायचे नाहीत. घडी उचलायची, दाराशी उजेडात न्यायची, पदर सोडायचा आणि म्हणायचं, "आता बघा. आता हा रंग खरा बोलतोय."

मी शिकलेली नाही फारशी. चौथीनंतर घरीच. लिहायला-वाचायला नंतर माझी मी शिकले, मुलांच्या पुस्तकांवरनं. पण रंग मला मामंजींनी शिकवले. लग्न होऊन आले तेव्हा मला मोतिया आणि श्रीखंडी एकच वाटायचे. ते दुकानातनं कतरणीची पुडी आणायचे, कतरण म्हणजे कापडाचे कापून उरलेले तुकडे, आणि मी धान्य निवडत बसलेली असली की एकेक तुकडा सुपाच्या कडेला ठेवायचे. "सांग बघू, सूनबाई." मी चुकले तर हसायचे नाहीत. तुकडा उचलून उन्हात धरायचे आणि परत ठेवायचे. मग मला बरोबर दिसायचं.

ते दुकानातनं निवृत्त झाले त्याच सुमाराला आम्ही गल्लीतलं भाड्याचं घर सोडून उस्मानपुऱ्याच्या पुढं स्वतःच्या घरात राहायला आलो. तिकडं तेव्हा माळच होता. घरं लांब लांब, मधे बाभळी. आमच्या ओट्यापुढं एक लांबट तुकडा मोकळा होता. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, तिथं मेथी-कोथिंबीर लावा, शेवंती लावा, देवाला होईल. मामंजी ओट्यावर आरामखुर्ची टाकून त्या तुकड्याकडं बघत बसायचे. एक दिवस म्हणाले, "ही जागा लुगड्याएवढी आहे."

आत्याबाई म्हणाल्या, "मग नेसा."

 त्यांच्या डोक्यात लुगडं बसलं ते बसलंच.

दौलताबादच्या वाटेवर एका बागाईतदाराचा मळा होता. पेरू, मोसंबी, आणि एका पट्टीत त्यानं ग्लॅडिओलस लावायला सुरुवात केली होती. हॉटेलांत, समारंभांना ही फुलं जायची. आमच्याकडं तेव्हा ती नवीच होती. माझे मालक जिल्हा परिषदेत नोकरीला होते. त्यांच्या हापिसात कुणाच्या तरी निरोपसमारंभाला ही फुलं आली आणि उरलेल्यातला एक दांडा ते घरी घेऊन आले. मामंजींनी तो दांडा तांब्यात उभा केला. खालची फुलं उघडलेली, वरच्या कळ्या मिटलेल्या, अबोली रंग आणि आत गळ्याशी पिवळा. रोज एक कळी उघडत वर जायची. ते रोज सकाळी तांब्या उजेडात नेऊन बघायचे. शेवटची कळी उघडली तेव्हा म्हणाले, "याच्यात किती रंग येतात ते बघून यायचं. सूनबाई, तू चल माझ्याबरोबर."

आत्याबाईंनी फूल नाकाशी नेलं. "वास नाही. देवाला वाहता येत नाही, वेणीत गुंफता येत नाही. लावायचं कशाला?"

"बघायला," मामंजी म्हणाले.

थंडीचे दिवस होते. आम्ही एस.टी.नं गेलो. मळ्यात ती पट्टी ऐन फुलात होती. मी तोवर एवढे रंग एका जागी दुकानातच बघितले होते. बागाईतदार मोठा बोलका माणूस. त्याच्याकडं वाणांची विलायती नावं होती, पण ती त्याला म्हणता यायची नाहीत, म्हणून त्यानं वाफ्यांना आकडे दिले होते. "हा पाच नंबर, हा नऊ नंबर. बोला मामा, कुठला देऊ?"

"आकड्यानं रंग घेतात का कुठं," मामंजी म्हणाले आणि खिशातनं कतरणीची पुडी काढली.

या फुलाची गंमत अशी की त्याचे कंद सगळे सारखेच दिसतात. चपट्या कांद्यासारखे, तपकिरी. कंद हातात घेऊन कुणाच्या बापाला सांगता येणार नाही की यातनं केशरी येईल की पांढरं. म्हणून फुलात असतानाच निवडायचं, खूण करून ठेवायची. मग फूल संपतं, पानं वाळतात, बागाईतदार कंद काढतो, उन्हाळा-पावसाळा कोरड्या जागी ठेवतो, आणि दसऱ्याच्या आसपास आपण जाऊन आणायचे. म्हणजे आज पसंत केलेला रंग बघायला पुढची थंडी यावी लागते. मामंजींना हे फार आवडलं. म्हणाले, "बस्त्याला एवढा वेळ दिला असता लोकांनी, तर निम्म्या नवऱ्या रडल्या नसत्या."

ते वाफ्या-वाफ्यातनं फिरले. फुलाच्या मागं कापडाचा तुकडा धरायचे, मान तिरपी करायचे, पुढं जायचे. अंगाला मोतिया घ्यायचा, दोन्ही बाजूंनी जांभळा काठ, आणि एका टोकाला पदर केशरी. हे त्यांनी घरनंच ठरवून आणलं होतं. मोतियावर जांभळा काठ, त्यांच्या मते याच्यावर लुगडं नाही. जांभळ्यातही तीन वाण होते. एक फिका, एकाला मधे पांढरी रेघ आणि एक गडद, पिकल्या जांभळाच्या सालीसारखा. त्यांनी गडद घेतला. प्रत्येक दांड्याच्या बुडाशी त्या त्या रंगाची कतरण बांधत गेले, मी मागनं गाठी पक्क्या करत गेले.

दोन-तीन ठिकाणी त्यांनी जांभळी कतरण म्हणून काळी बांधली. मला दिसलं. ऊन डोळ्यावर येत असेल असं वाटलं. सून माणसानं सासऱ्याला रंगातलं काय सांगायचं, तेही त्यांना. मी पुडीतनं जांभळा तुकडा काढला आणि बदलला, काय एवढं. बागाईतदार म्हणाला, "मामा, नवस बोलल्यावानी दिसायला लागला की माझा मळा." खरंच तसं दिसत होतं.

मग उन्हाळा गेला, पाऊस झाला. त्या वर्षात मामंजींचं बाहेर जाणं कमी झालं. दुकानातनं बोलावणं यायचं, अमक्याचा बस्ता आहे, मामांनाच पाठवा म्हणतात. मामंजी निरोप द्यायचे, गुडघा धरलाय. आम्हाला खरं वाटलं. वयच होतं तसं. घरी मात्र माझी परीक्षा परत सुरू झाली. मी ठिगळ लावत बसले की विचारायचे, "सांग बघू, हा दोरा कुठला?" मी सांगायची, "शेवाळी." "बरोबर," म्हणायचे. आत्याबाई न्हाऊन आल्या की हळूच मला म्हणायचे, "आज तुझ्या सासूनं कुठला रंग नेसलाय, सांग बघू." मी म्हणायची, "अंजिरी." "बरोबर." मला वाटायचं, शिकवलेलं विसरले का नाही ते बघतायत. मी मोठ्या हौसेनं उत्तरं द्यायची.

दसऱ्यानंतर माझे मालक सायकलवर जाऊन कंदांची पिशवी घेऊन आले. तीन रंगांच्या तीन पुरचुंड्या, प्रत्येकीला तीच कतरण बांधलेली. आम्ही तुकडा खणला, गाडीभर शेणखत घातलं, चार बोटं खोल कंद लावले. मामंजी खुर्चीतनं दोरी धरून होते. काठ सरळ आला पाहिजे म्हणून दोरी दोन वेळा काढून परत लावायला लावली. पाण्याची तेव्हाही मारामारच होती. आडाचं पाणी तळाला गेलं की मी भांड्यांचं, तांदळाचं, भाज्यांचं धुवण घालायची. आत्याबाई कुरकुरायच्या की पालक सुकला आणि याला अंघोळी. पण रोप वर आलं. तलवारीसारखी पानं, आणि थंडी पडली तसा त्यांच्यातनं एकेक दांडा निघाला.

संक्रांतीच्या आधी लुगडं फुललं. आता मी काय सांगू. ओट्यावर उभं राहिलं की खाली पसरून ठेवल्यासारखं दिसायचं. मधलं अंग मऊ मोतिया, टोकाला केशरी पदर, आणि दोन्ही बाजूंनी जांभळा काठ असा धरलेला की डोळा हलू नये. रस्त्यानं जाणारे सायकलवाले उतरून बघायचे.

मामंजी सकाळी खुर्चीत येऊन बसले. बराच वेळ बघितलं. म्हणाले, "अंग छान आलं. पदरही चांगलाय. काठ अजून यायचाय."

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यांची चेष्टा तशीच असायची, तोंडावर काही दिसायचं नाही. मी हसले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी चहा घेता घेता म्हणाले, "काठाला नुसती पानंच आलीत. त्या माणसानं किडके कंद दिले."

माझ्या हातात बशी होती. मी काठाकडं बघितलं. गुडघ्याच्या वर उंच दांडे, एकेका दांड्यावर ओंजळभर फूल. मग मामंजींच्या डोळ्यांकडं बघितलं. आपण रोज ज्या माणसाला चहा देतो त्याच्या डोळ्यांकडं काही आपण बघत नसतो. बाहुल्यांच्या जागी दुधावर साय यावी तशी पिवळट साय होती.

तेव्हा मला ते सगळे "सांग बघू" एकदम कळले. ते माझी परीक्षा घेत नव्हते. मला विचारत होते.

स्वयंपाकघरात जाऊन मी आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या, थापतच राहिल्या. म्हणाल्या, "मला ठाऊकाय."

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं. माझं हिरवं लुगडं बघून म्हणाले, आज काळं कशाला नेसलीस." भाकरी तव्यावर टाकली. "तू बोलू नको. त्यांच्याजवळ दुसरं आहे काय? गुडघा म्हणतात तर गुडघा. काठ आला नाही म्हणतात तर नाही आला."

रात्रीच्या जेवणाला माझे मालक मामंजींना म्हणाले, "दादा, काठ तर..." आत्याबाईंनी त्यांच्या पानात एवढा भात वाढला की त्यांना बोलणं सोडून हात आडवा धरावा लागला.

मग चार दिवस आमच्या घरात विचित्रच कारभार चालला. आत्याबाई, ज्यांना त्या फुलांचं तोंड बघायचं नव्हतं, त्या फाटकाशी राखण करत बसायला लागल्या. कुणी बघायला आलं आणि काठाचं कौतुक केलं तर मामंजींच्या कानावर जाईल ही धास्ती. शेजारच्या बाई आल्या, म्हणाल्या, "अगं बाई, काय जांभळा..."

"हळू बोला," आत्याबाई म्हणाल्या. "दृष्ट लागते."

"दृष्ट आवाजानं लागती व्हय?"

"आमच्याकडं लागते. चला, तुम्हाला मागं लिंबाचं लोणचं दाखवते." आणि त्यांना धरून मागच्या दारी नेलं. लोणचं काही नवलाचं नव्हतं. पण त्या आठवड्यात आसपासच्या सगळ्यांनी ते बघितलं.

मला हसू यायचं आणि ओट्यावर जायला नको वाटायचं. मामंजी ओट्यावर बसून तोंडातल्या तोंडात पुटपुटायचे, काठाशिवाय लुगडं म्हणजे पंचा, असं काहीतरी.

त्या रविवारी सकाळी त्यांनी कोट चढवला, टोपी घातली, काठी घेतली. म्हणाले, "मळ्यात जाऊन येतो. त्याला विचारतो की फसवायला माझ्यासारखा म्हातारा भेटला का. कंद बदलून तरी देईल."

माझे मालक बाहेर गेलेले. आत्याबाई देवघराच्या दारात उभ्या, हातात ताम्हन. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. पण मला तो मळा दिसायला लागला. मामंजी तिथं जाऊन त्या माणसाला चार लोकांत वाट्टेल ते बोलणार. तो बोलका माणूस त्यांना ओढत वाफ्याशी नेणार, तिथं नवा जांभळा फुललेला असणार, आणि म्हणणार, हे काय मामा, दिसत नाही का. गावभर होणार. ज्या माणसाला गंगापूर-वैजापूरचे लोक रंगवाले मामा म्हणून विचारत येतात, त्याला.

ते फाटकापर्यंत पोचले होते. मी पदर डोक्यावरनं सारखा केला आणि मागं गेले.

"मामंजी, जायच्या आधी एकदा काठाशी येता का?"

"काय बघायचंय त्यात?"

"बघायचं नाही. या तर."

मी त्यांच्या कोटाची बाही धरली. तोवर मी कधी त्यांना हात लावला नव्हता, पाया पडण्यापुरता सोडून. वाफ्याच्या कडेला नेलं. त्यांचा हात धरला आणि एका दांड्याच्या बुडाशी ठेवला. "वर न्या," म्हटलं.

कापडाचा माणूस तो. दोन बोटांत पोत ओळखणारा. त्यांचा हात पानावरनं वर गेला, दांड्याला लागला, आणि पहिल्या फुलाशी थांबला. पाकळीची कड दोन बोटांत धरली, लुगड्याचा पदर धरतात तशी. मग त्याच्या वरचं फूल. त्याच्या वरचं. मग कळ्या. मग ते स्वतःहून बाजूच्या दांड्याकडं सरकले, तिथनं पुढच्या. काठी गळून पडली ती त्यांनी उचलली नाही. सगळा काठ त्यांनी असा हातानं बघितला, इकडच्या टोकापासनं तिकडच्या टोकापर्यंत, आणि मी मागं मागं.

टोकाला गेल्यावर उभे राहिले.

"सगळा फुललाय," म्हणाले.

"होय."

"कुठला आलाय?"

"तुम्ही घेतला तोच. गडद जांभळा."

"डाग नाही ना कुठं? रेघ?"

"नाही. एकसारखा आहे."

ते वाफ्याच्या कडेला दगड होता त्यावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आत्याबाई ताम्हन तसंच हातात घेऊन ओट्याच्या पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," ते म्हणाले. राग नव्हता आवाजात.

आत्याबाईंनी ताम्हन दुसऱ्या हातात घेतलं.

"मला वाटलं, एक जांभळाच गेलाय," ते म्हणाले. "हिरवा जरा काळा दिसतो, पांढरा जरा पिवळा दिसतो, ते मनात धरून हिशेब लावला की चालतं. जांभळा कुठं जातो ते कळेना. म्हटलं, काठ एवढा दाट लावला तर दिसेल."

तेव्हा मला कळलं की ते लुगडं त्यांनी कशाला मांडलं होतं.

मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांच्या वडलांना मोतीबिंदू झाला होता. गावात एक फिरता वैदू यायचा, डोळ्यात सुई घालून मोती खाली पाडायचा. वडलांना ओट्यावर बसवलं, चौघांनी धरलं. त्या चौघांत मामंजी एक होते, ऐन तरुण. वडलांना सुई काढल्यावर दोन दिवस दिसलं. मग डोळा पिकला, मग दुसराही गेला. मामंजी म्हणाले, "मी डोकं धरलं होतं त्यांचं." एवढंच. आपला पडदा वाढतोय हे कळल्यापासनं ते गप्प होते, ते दुकानच्या अब्रूसाठी नाही. त्या सुईपायी.

आत्याबाई पायऱ्या उतरून आल्या. ताम्हन तुळशीशी ठेवलं. म्हणाल्या, "आता दवाखान्यात करतात. पलीकडच्या मास्तरांच्या आईनं केलं. ती आता मला लांबनं ओळखते, आधी जवळनं ओळखायची नाही."

"तिला तू आवडतच नव्हतीस," मामंजी म्हणाले.

"तेही असेल. पण केलं तिनं."

त्यांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाले, "सूनबाई, तू येशील बरोबर?" मी म्हटलं, येईन. कोट अंगात होताच. पण ते त्या दिवशी कुठं गेले नाहीत. घरात येऊन कोट काढून ठेवला आणि दुपारभर निजले.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दिवा लावून बघितलं. म्हणाले, चांगला पिकलाय, थंडीतच करून टाकू. तेव्हा असं होतं, मोतीबिंदू पिकल्याशिवाय हात लावायचे नाहीत, आणि करायचा तर थंडीत. एक डोळा आधी. ऑपरेशनला नेताना मामंजी दारात थांबले. ते मला म्हणाले, "डोकं कोण धरणार?" मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "कुणी धरत नाही आजोबा, औषध घालतो, दुखत नाही." त्यांना ते खरं वाटलं नसावं. पण गेले.

मग पट्ट्या. दोन्ही डोळ्यांवर, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. मी डबा घेऊन जायची आणि चमच्यानं भरवायची. "आज काय उघडलं?" विचारायचे. मी सांगायची, अंगातली खालची फुलं सुकली, वरची उघडली. पदर अजून टिकून आहे. काठातले दांडे शेजारच्या बाईंनी हळदीकुंकवाला मागितले, मी दिले. "काठातले दिलेस?" "दोनच." "बरं. मधनं काढलेस की टोकाचे?" पलीकडच्या खाटेवर एक मौलवीसाहेब होते, त्यांचाही डोळा केलेला. ते म्हणाले, "मियाँ, साडी का सौदा चल रहा क्या?" मामंजींना हसू आलं, तर मी त्यांचं कपाळ दाबून धरलं, हलू नये म्हणून. मग माझ्या लक्षात आलं की शेवटी डोकं मीच धरलंय.

घरी आले तेव्हा डोळ्यावर हिरवी पट्टी लोंबत होती आणि वाफ्यातलं सगळं संपलं होतं. पानं पिवळी. चष्मा यायला अजून वेळ होता, डोळा भरून यायला हवा म्हणे. मला वाईट वाटत होतं. चष्मा येईल तेव्हा चैत्राचं ऊन असेल आणि त्या तुकड्यात ढेकळं.

एक दिवस मी मागच्या दारी धुणं घेऊन गेले तर न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर पाटा रोवून आडोसा केलेला, आणि त्याच्यामागं ग्लॅडिओलसची पानं. पुरचुंड्यांतले बारके कंद उरले होते, ते आत्याबाईंनी मामंजी दवाखान्यात गेले त्या दिवशी तिथं पुरले होते. रंगबिंग न बघता, ओळबिळ न धरता, कांदे लावतात तसे. वर पत्र्याचा तुकडाही टेकवला होता सावलीला. मी विचारलं तर म्हणाल्या, "पाणी वाया जात होतं."

चष्मा आला. काचा एवढ्या जाड की त्यांच्यामागं मामंजींचे डोळे बशीएवढे दिसायचे. चष्मा लावून ते घरभर फिरले. भिंत बघितली, देव बघितले, माझ्या मुलांना एकेकाला खिडकीशी नेऊन बघितलं. पायरी जवळ वाटायची म्हणून ठेचकाळायचे. म्हणाले, "सगळ्यावर नीळ घातल्यासारखं झालंय." डॉक्टरांनी सांगितलं होतं की पडदा निघाल्यावर काही दिवस निळं-जांभळं फार उठून दिसतं.

आत्याबाईंनी त्यांना मागच्या दारी नेलं. उन्हानं दांडे बुटके राहिले होते, वीतभर, फुलंही आखूड. दोन मोतिया, एक केशरी, आणि एक जांभळा.

मामंजी जांभळ्यापुढं वाकले. गुडघा खरंच धरलेला असावा, कारण वाकायला वेळ लागला. हात लावला नाही. नुसतं बघितलं. आत्याबाई पदराला हात पुसत उभ्या, मी धुण्याची बादली खाली ठेवून उभी. दोघींना वाटत होतं आता डोळ्याला पाणी येईल, ते काचेखालनं पुसायचं कसं.

"जड आहे," ते म्हणाले.

"काय जड आहे?" आत्याबाई म्हणाल्या.

"रंग. मोतियाला एवढा गडद काठ पेलत नाही. अंग मरून गेलं असेल. तुम्ही दोघी बघत होता ना, सांगायचं नाही?"

"आम्हाला छान वाटत होतं," मी म्हटलं.

"फिका घ्यायला पाहिजे होता. तो दुसरा."

आत्याबाई माझ्याकडं वळून म्हणाल्या, "झालं. दिसायला लागलं आणि खोट काढायला सुरुवात." आणि बादलीतलं पाणी घेऊन त्या जांभळ्याच्या बुडाशी ओतलं, धुणं पिळायचं होतं अजून तरी.

पुढच्या थंडीत आम्ही परत त्या मळ्यात गेलो. आत्याबाईही आल्या या वेळी, पेरू घ्यायला म्हणून. बागाईतदारानं आणखी वाण आणले होते. मामंजींनी पुडी खिशातनं काढली आणि पहिल्या वाफ्याशीच थांबले. बस्त्याला आलेली माणसं तासभर घोळ घालायची आणि हे चुटकीसरशी रंग ठरवायचे. त्या दिवशी यांना ठरवता येईना. फिका जांभळा बघायचे, मग म्हणायचे, थांब, त्या गुलबक्षीच्या आतला गळा बघ. तिथनं पुढं जायचे, परत मागं यायचे. मला हाक मारायचे, "सूनबाई, हे बघ. हे बघितलंस?" मी म्हणायची, बघितलं. "नीट बघ." बागाईतदार आधी बरोबर फिरला, मग मोटेशी जाऊन बसला, मग जेवून आला. विचारलं, "मामा, कुठला बांधू?" मामंजी म्हणाले, "थांबा हो, अजून बघतोय."

आत्याबाईंचे पेरू घेऊन झाले, निम्मे खाऊन झाले. ऊन कलायला लागलं, तसे रंग परत बदलले आणि मामंजी पहिल्या वाफ्याशी जाऊन नव्यानं सुरुवात करायला निघाले. शेवटची एस.टी. गाठायची म्हणून आम्ही दोघींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून रस्त्यावर आणलं. पुडी उघडलेलीही नव्हती. एकही रंग न ठरवता आम्ही घरी आलो आणि वाटेत, खिडकीशी बसलेले मामंजी, उद्या परत जायला लागेल म्हणून फार खुशीत होते.